पगारे नानांचा लाल दोरा

माझ्या लग्नात आहेर देणाऱ्यांची रांग स्टेजखाली पार पंख्यापर्यंत गेली होती. पगारे नाना आले, पाकीट दिलं, "सुखी ऱ्हा" म्हणाले आणि माझ्या शालूचा पदर दोन बोटांत धरून त्यांनी तो फोटोग्राफरच्या लाइटकडे वळवला. फोटोग्राफरला वाटलं काही विधी असेल, त्याने फोटोही काढला.

"हितं आडवा धागा तुटलाय गं," नाना म्हणाले. "दुकानदारानं तुला फसवलं."

हे त्यांनी माझ्या नव्या सासूबाईंच्या समोर सांगितलं, आणि शालू सासूबाईंनीच घेतलेला होता. मी आठ दिवस नानांशी बोलले नाही. नवव्या दिवशी घरी पदर खिडकीत धरून बघितला तर धागा खरंच तुटलेला. मग आणखी आठ दिवस बोलले नाही.

भिवंडीत आमच्या कारखान्यात लूमवर विणलेलं कोरं कापड बाहेर जाण्याआधी फोल्डिंग खात्यात येई, आणि तिथे नाना ते तपासत. मी त्याच खात्याच्या कोपऱ्यात, काचेच्या खोपट्यात कॉम्प्युटरवर बसून चलनं काढायची. त्यांचं टेबल काचेचं होतं आणि काचेखाली ट्यूबलाइट. कापडाचा तागा एका बाजूने टेबलावर चढायचा, दुसऱ्या बाजूने उतरायचा आणि मधल्या हातभर उजेडात जे काही चुकलं असेल ते दिसायचं. चूक दिसली की नाना कापड थांबवायचे, शर्टाच्या खिशातून लाल दोरा ओढायचे आणि त्या जागेच्या सरळ रेषेत कापडाच्या काठाला बारीक गाठ मारायचे. घेणाऱ्याने काठावर लाल दोरा बघितला की त्याला कळायचं, इथे फॉल्ट आहे. दोऱ्याचं रीळ कायम खिशात आणि टोक बाहेर लोंबत. बाजारात, बसमध्ये, मयतीला सुद्धा.

ही खोड त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की माणूस भेटला की आधी बाही बघायचे, मग तोंड. मालकांच्या बायकोच्या ओढणीचा काठ बघून "ही पॉवरलूमची हाय, हातमागाची न्हाय" असं त्यांनी एकदा सरळ सांगितलं. बाईंनी ती ओढणी परत कधी घातली नाही, आणि नानांशी त्या नीट बोलल्याही नाहीत.

विणकर त्यांच्यावर चिडून असत, हे उघड आहे. दोरा बांधला गेला की विणणाऱ्याला बोलणी बसायची. यासीन नावाचा एक विणकर होता, गरम डोक्याचा. एकदा त्याच्या ताग्याला इतके लाल दोरे लागले की तागा नवरीसारखा सजला. यासीन खाली आला आणि त्याने नानांना सगळ्यांदेखत विचारलं, "नाना, मेरे से क्या दुश्मनी है?"  नानांनी तागा पुन्हा उलगडला आणि पहिल्या गाठीपासून विती मोजायला लागले. चार विती आणि दोन बोटं. पुढची गाठ, चार विती आणि दोन बोटं. शेवटपर्यंत तेवढंच. मग वर जाऊन मुकादमाला म्हणाले, लूम उघडा, यासीनला सोडा. लूम उघडला तर एका चक्राचा दात झिजला होता. त्या ईदला यासीनने शीरखुर्म्याचा डबा आणला आणि नानांना टेबलावरून उठवून स्वतःच्या हाताने वाटी दिली.

तेव्हा नाना मला म्हणाले होते, "फॉल्ट एकदा आला तर मानूस बघायचा. मोजून मापून परत परत आला तर मशीन बघायची." मी ते हसण्यावारी नेलं. माझं लक्ष शीरखुर्म्यात होतं.

नाना मूळचे पडघ्याच्या पुढच्या एका पाड्याजवळचे. अठराव्या वर्षी भिवंडीला आले ते आलेच. पुढे राहनाळला दोन खोल्या घेतल्या, जिथे घराच्या पुढच्या दारातून गोदामाची भिंत दिसते आणि मागच्या दारातून दुसऱ्या गोदामाची. सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे एकदा नागपूर, दीक्षाभूमीला, जाताना-येताना उभ्याने. घरात शोभाकाकू आणि एकुलती मुलगी सुजाता.

सुजाता लहान असताना सुट्टीत नानांचा डबा घेऊन यायची आणि टेबलाशी उभी राहून लाल दोरे बांधायची. नाना फॉल्ट दाखवायचे, ती गाठ मारायची. सहावीत असताना तिला गणितात कमी मार्क पडले. त्या दिवशी तिने प्रगतिपुस्तकाच्या त्याच पानाला भोक पाडून लाल दोरा बांधला आणि पुस्तक डब्याखाली ठेवून दिलं. नानांनी ते बघितलं, खात्यात सगळ्यांना दाखवत फिरले आणि तिला एक शब्द बोलले नाहीत. "सोताहून दोरा बांधला तर अर्धा माल पास," म्हणाले. ते पान त्यांनी दोऱ्यासकट जपून ठेवलं होतं.

ती सुजाता शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला शिकायला गेली. विषय होता माल साठवायचा कसा, हलवायचा कसा, गोदामं चालवायची कशी. गल्लीतल्या लोकांनी नानांची भरपूर फिरकी घेतली. त्याच्यासाठी विमान कशाला, राहनाळला दाराबाहेर पाऊल टाकलं की गोदामच की. नाना हसायचे. विमानतळावर मात्र त्यांनी तिला एकच गोष्ट सांगितली, आणि ती मी तिथे उभी राहून ऐकली, म्हणून लिहिते.

"शिकायचं ते शीकच. पन बघून ये. मी उभा जल्म एक ट्यूबलाइट बघितली. तू सगळं बघ. दर आयतवारी एक जागा. आन् मला दाखव."

तिने मान हलवली. अंगात मरून स्वेटर होता. तो नानांनी भिवंडीच्या बाजारात दुकानदाराच्या नाकी नऊ आणून, चौदा स्वेटर नाकारून घेतला होता. त्यात फॉल्ट नव्हता, हे सांगायला नकोच.

पहिल्या रविवारचा फोटो ती राहायची त्या मँचेस्टरमधूनच आला, जुने लूम मांडून ठेवलेल्या एका संग्रहालयातला. आम्ही सगळे तो बघत होतो, लेक कशी दिसते म्हणून. नाना लूम बघत होते. "धोटा उलटा ठेवलाय त्या लोकांनी," आडवा धागा नेणाऱ्या लाकडी धोट्याकडे बोट दाखवत म्हणाले. "तिला म्हनाव, हापिसात सांगून ये." आणि त्या पोरीने खरंच दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. तिथल्या बाईंनी तिचे आभार मानले आणि धोटा तसाच ठेवला.

मग दर रविवारी एक जागा येऊ लागली. लंडनचा पूल, समुद्रकाठचं पांढरं शहर, डोंगरावरचा किल्ला, बदकं असलेलं तळं, माळावरचे उभे दगड. नानांनी त्याचा थाटच केला. राहनाळच्या विहारात रविवारी सकाळी वंदना झाली की पोरं पांगायची नाहीत. नाना फोन टीव्हीला जोडायचे आणि "आजची जागा" सांगायचे. पोरं वहीत लिहून घ्यायची. जागेचं नाव सुजाता शुक्रवारीच कळवायची, म्हणून नाना शनिवारी माझ्या खोपट्यात येऊन बसायचे, मी कॉम्प्युटरवर माहिती शोधायची आणि ते कापडाच्या लेबलांच्या मागे लिहून घ्यायचे. ज्या माणसाला कल्याणच्या पलीकडे रस्ता विचारावा लागायचा, तो माणूस पोरांना लंडनच्या पुलाचे दोन्ही मनोरे बोटावर मोजून सांगायचा. मला त्यांचा हेवा वाटायचा, खरं सांगते. माझ्या घरात कोणी कोणाला पडघ्याचा फोटो पाठवत नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी ते आले आणि म्हणाले, जुने फोटो मोठ्या स्क्रीनवर लाव. सगळे, शेजारी शेजारी. मी लावले. नाना खुर्चीत पुढे सरकले.

"डावी बाही मोठी कर."

मी केली. मनगटापाशी स्वेटरचा एक धागा सुटून बाहेर आला होता. मला वाटलं, झालं, आता त्या पोरीला सातासमुद्रापार बोलणी बसणार.

"आता पुढल्या फोटोतली कर."

मी एकेक करत गेले. पुलावर, समुद्रावर, किल्ल्यावर, तळ्यावर, दगडांपाशी. पहिल्या लूमच्या फोटोत बाही चांगली होती. बाकी सगळ्यांत तो धागा होता. नाना स्क्रीनला बोट लावून मापत होते.

"हा आक्टोबरातला म्हनून आला. हा नाताळातला," ते म्हणाले. "सुटलेला धागा चार म्हयने तेवढाच ऱ्हातो का गं? अंगात घातला, काढला, धुतला की लांबतो न्हायतर तुटतो. ह्यो नखभर हाय. सगळीकडं नखभर."

मला अजून कळलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं. सुरुवातीला, कॉलेज लागायच्या आधी, मुलांची एक सहल निघाली होती, तीन-चार दिवसांची, बसने. सुजाताने सांगितलंही होतं. लूमचा तेवढा सोडून हे सगळे फोटो त्या सहलीतले. तेव्हापासून ती कुठेच गेली नव्हती. त्या चार दिवसांतून दर रविवारी एकेक जागा काढून बापाला पाठवत होती.

मी चिडले. नानांच्या डोळ्यांत धूळ फेकते म्हणजे काय, आणि ती विहारातली पोरं वह्या भरतायत त्यांचं काय, असं बरंच बोलले. नानांनी ऐकून घेतलं.

"तिचा न्हाय ह्यो फॉल्ट," ते म्हणाले. "बघ की. दर आयतवारी येतोय. मोजून मापून."

मग ते उठले आणि टेबलाकडे गेले. यासीनचा तागा मला तेव्हा आठवला आणि मला माझीच लाज वाटली. दर आयतवारी एक जागा, हे त्यांनीच सांगितलं होतं. झिजलेला दात म्हणून ते स्वतःकडे बोट दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तिला व्हिडिओ कॉल केला. सोमवारी मला येऊन सांगितलं. बोलता बोलता सुजाताने कपाळावरचे केस मागे सारले, आणि तिच्या तीन बोटांच्या टोकांना खाकी टेप गुंडाळलेली होती. नानांना आणखी काही विचारावं लागलं नाही. राहनाळला गोदामात पॅकिंगला जाणाऱ्या पोरी त्यांच्या दारावरूनच जातात. खोक्याच्या पुठ्ठ्याने बोटं चिरतात म्हणून त्या बोटांना अशीच टेप लावतात. गल्लीतल्या शाळकरी पोरींना सुद्धा ती टेप ओळखता येते.

"फोटो किती वाजता येतो हो?" मी विचारलं.

"साडेआठला. आपल्या सकाळी."

मी हिशेब केला. तिथे तेव्हा रात्रीचे तीन. इतके दिवस आम्ही म्हणायचो, बघा, बापासाठी पोरगी रात्री जागते. ती कामावरून येत होती. शनिवारची पाळी संपवून, चिरलेल्या बोटांनी, झोपायच्या आधी बापाला एक जागा पाठवत होती. शिष्यवृत्तीत तिथलं राहणं-खाणं भागत नव्हतं, आणि हे ती मरेपर्यंत घरी सांगणार नव्हती, बापाचीच लेक. गोदामं चालवायला शिकायला गेली होती आणि गोदामात खोकी भरत होती. मी हे कोणाला सांगितलं असतं तर गल्ली हसून लोळली असती. म्हणून मी आजवर सांगितलं नाही.

पुढचे दीड-दोन महिने मी नानांना जसं बघितलं तसं बघायला नको होतं. फॉल्ट दिसला की हात आपोआप खिशाकडे जाणारा माणूस. आणि आता दिसत होता, रोज दिसत होता, आणि दोरा कुठे बांधायचा ते कळत नव्हतं. शोभाकाकूंना काही माहीत नव्हतं. त्या प्रत्येक फोटो शेजारणींना दाखवत होत्या. विहारातली एक मुलगी म्हणायला लागली होती की मीही सुजाताताईसारखी किल्ला बघायला जाणार. नाना दर रविवारी टीव्हीसमोर उभे राहून खोट्या जागेची खरी माहिती सांगत होते.

त्यांनी एक प्रयत्न केला. फोनवर सुजाताला म्हणाले, "आता बस झालं बघनं. आयतवारी आराम कर." तिला वाटलं नाना नाराज झाले, फोटो आवडेनासे झाले. पुढच्या रविवारी तिने दोन पाठवले. नानांनी मला फोन दाखवला. 

मी म्हटलं, "नाना, सरळ सांगून टाका. माहीत आहे म्हणा. पोरगी मोकळी होईल."

"सांगू? आन् मग?" ते म्हणाले. "आज तिच्याजवळ मला द्यायला येवढी एकच गोष्ट हाय. तीबी खोटी म्हनून परत करू का?"

 परत बोलवा म्हणावं, तर शिक्षण अर्धं. काम सोड म्हणावं, तर तिने राहायचं कशावर. घरून काही पाठवण्याची ऐपत नव्हती. काही न बोलावं, तर ती आणखी किती रविवार हे करणार. मी खोपट्यात बसून नुसती स्क्रीनकडे बघत राहायची आणि नाना पलीकडे ट्यूबलाइटच्या उजेडात तागे ओढत राहायचे.

मार्चमध्ये कल्याणची एक नर्स सुट्टी संपवून इंग्लंडला परत चालली होती. सुजाताच्याच शहरात. नानांनी बाजारात जाऊन दोन स्वेटर आणले, एक हिरवा, एक पिवळा. दुपारच्या सुट्टीत त्यांनी ते काचेच्या टेबलावर पसरले आणि आतून बाहेरून तपासले.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एकाच स्वेटरात किती जागा बघनार ती?" ते म्हणाले. "कुनीतरी वळखंल."

त्याचा अर्थ मला समजायला थोडा वेळ लागला.  आयुष्यभर ज्याने नखभर फॉल्ट सोडला नाही, माझ्या लग्नाचा शालू सोडला नाही, तो माणूस लेकीचं खोटं नीट दिसावं म्हणून तिला कपडे पाठवत होता.

मग त्यांनी खिशातून लाल दोरा ओढला. तोडला. हिरव्या स्वेटरची डावी बाही उजेडात धरली आणि दोरा काठापाशी नेला. गाठ मारली असती तर सुजाताला बघताक्षणी कळलं असतं की नानांनी ओळखलंय.  मी माझं जेवण थांबवून बघत होते. शेवटी त्यांनी दोरा बोटाभोवती गुंडाळून परत खिशात टाकला आणि दोन्ही स्वेटरची घडी केली.

"पास," म्हणाले. मला सांगितलं की स्वतःला, कोण जाणे.

नर्सबाई गेल्या. स्वेटर पोचल्याचा सुजाताचा फोन आला. छान आहेत म्हणाली, थोडं कमीच बोलली. तिने काय ओळखलं, काय नाही, याचा अंदाज घ्यायला नानांना माझ्याशी बोलायचं होतं, पण त्या आठवड्यात आमच्या कारखान्यात दुसरंच वादळ आलं. मालकांनी लूम भंगारात काढायचं ठरवलं होतं, तिथे गोदाम होणार होतं. शनिवारी काचेचं टेबलही उचललं गेलं.

म्हणून रविवारी मी विहारात गेले. नाना टेबलाशिवाय कसे असतील, हे बघायला म्हणा. वंदना संपत होती. पोरं वह्या घेऊन बसली होती. शोभाकाकू पांढऱ्या साडीत पुढच्या रांगेत. नाना टीव्हीजवळ उभे, फोन त्यांनी आधी बघितला नव्हता. आजकाल ते आधी बघायचेच नाहीत. सगळ्यांबरोबर थेट टीव्हीवर लावायचे.

फोटो आला. पूल नव्हता, किल्ला नव्हता. एक छोटी खोली, खिडकी, खिडकीबाहेर विटांची भिंत. सुजाता पलंगावर बसलेली, हिरवा स्वेटर घालून. चेहरा ओढलेला, बोटांना टेप, आणि तिने हात लपवला नव्हता. उलट डावी बाही पुढे धरली होती. बाहीच्या काठाला लाल दोरा बांधलेला होता. बारीक गाठ, जशी सहावीत मारली होती तशी.

माझ्या तोंडून हुंदका आला तो मी खोकल्यात लपवला.

"हे काय बांधलंय हिनं हाताला?" शोभाकाकू उठून टीव्हीजवळ गेल्या. आवाज चढला होता. "लाल धागा? कुठल्या देवळातून बांधून आली ही? आपल्यात चालतं का हे? तुम्ही विचारा तिला आत्ताच्या आत्ता."

 बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. नाना टीव्हीच्या पडद्याकडे बघत होते. तो धागा का बांधलाय हे तिथे दोघांनाच माहीत होतं, त्यांना आणि मला, आणि ते सांगायचं म्हणजे सगळं सांगायचं. 

"फॅशन असंल," ते शेवटी म्हणाले. "तिकडं घालतात."

काकू पुटपुटत बसल्या. तेवढ्यात किल्ला बघायला जाणार म्हणणाऱ्या मुलीने वही उघडून विचारलं, "आजोबा, आजची जागा कोणती?"

या वेळी सुजाताने नाव कळवलं नव्हतं, म्हणून नानांच्या हातात लेबल नव्हतं, माहिती नव्हती. त्यांनी पडद्यावरच्या खिडकीला बोट लावलं.

"ही सुजाताची खोली," ते म्हणाले. "लिवा. ती हितं ऱ्हाते."

पोरांनी लिहून घेतलं.

त्यानंतर माझं काम सुटलं, मी ठाण्याला नोकरी धरली. पगारे नाना आठवतात ते त्या सकाळचे. विहार रिकामा झाल्यावर ते बाहेर गोदामाच्या भिंतीशी उन्हात उभे होते, हातात फोन, त्यावर सुजाताचा नंबर काढलेला. मी म्हटलं, लावा ना. त्यांनी घड्याळ बघितलं.

"आत्ता तिकडं चार वाजलं असतील," म्हणाले. "आत्ताच आडवी झाली असंल. झोपू दे."

फोन त्यांनी खिशात ठेवला नाही. मी रिक्षात बसले, वळणावर मागे बघितलं. ते तसेच उभे होते, फोन हातात धरून, तिकडे उजाडायची वाट बघत.